‘कास्ट’ आणि ‘क्लास’

ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी यंदा मुलामुलींच्या कॉलेजप्रवेशाची धावपळ झाली, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. सवलत असते ‘मागासवर्गा’ची, दाखला मात्र मागतात जातीचा. वर्ग आणि जात, म्हणजे इंग्रजीतील ‘क्लास’ आणि ‘कास्ट’, हे शब्द एकमेकांच्या आसनावर कसे बसले, हे पाहण्याजोगे आहे.

दोहोंची कुळे भिन्न. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कास्ता’वरून आला. त्याचा अर्थ वंश, बीज. सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर वावरणाऱ्या पोर्तुगिजांनी तो येथील जातींस लावला व पुढे इंग्रजांनी उचलला. ‘क्लास’चे मूळ लॅटिन ‘क्लासिस’. प्राचीन रोममध्ये नागरिकांची मालमत्ता पाहून त्यांचे पाच ‘क्लासिस’ पाडीत. एक शब्द जन्माचा, दुसरा मत्तेचा. (शिकवणीचा ‘क्लास’ आपण येथे बाजूस ठेवू.)

आपल्याकडे या दोहोंची ठळक गाठ पडली ती करवीर दरबारी. राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी जाहीरनामा काढून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. हे वर्ग कोणते, याचा खुलासा त्यातच होता: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीच्या सर्व जाती. वर्गाची व्याख्या जातीनेच झाली! तत्कालीन समाजस्थितीत ती यथार्थच होती, असे आमचे मत आहे.

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनेही ‘सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग’ असाच शब्दप्रयोग केला. परंतु काकासाहेब कालेलकरांच्या आयोगाने १९५५ साली यादी दिली ती २,३९९ जातींची. आणि स्वतः काकासाहेबांनी सोबतच्या पत्रात जात हा निकष मानण्याविषयी आपली नापसंती कळविली. अध्यक्षानेच आपल्या अहवालापासून असे अंग काढून घ्यावे, हे विरळाच.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरच्या बालाजी खटल्यात बजावले की, केवळ जात म्हणजे वर्ग नव्हे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात मात्र जात हाही एक सामाजिक वर्ग असू शकतो, हे मान्य झाले. पण त्यातील सुस्थितीत पोहोचलेल्यांस वगळण्यास सांगितले. रोमचा जुना अर्थ असा मागील दाराने परत आला. म्हणूनच आज इतर मागासवर्गातील मुलास जातीच्या दाखल्यासोबत ‘नॉन-क्रिमी लेयर’चाही दाखला जोडावा लागतो.