गणपती स्थपती : मंदिरशिल्पाची कुळविद्या पाठशाळेत नेणारे शिल्पी

विसाव्या शतकातील दक्षिण भारतीय मंदिरशिल्पाच्या परंपरेत व्ही. गणपती स्थपती (१९२७–२०११) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कन्याकुमारीच्या समुद्रातील खडकावर उभा असलेला तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवर यांचा १३३ फूट उंचीचा पाषाणपुतळा ही त्यांची सर्वपरिचित कृती होय. मात्र पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातच राहिलेली ही विद्या शासकीय विद्यालयाच्या अभ्यासक्रमात आणून ती टिकवण्याचे त्यांचे कार्यही तितक्याच मोलाचे आहे.

घराणे व शिक्षण

गणपती स्थपती यांचा जन्म तमिळनाडूतील कारैकुडीजवळच्या पिळ्ळैयारपट्टी येथे झाला. हे गाव खडकात कोरलेल्या कर्पग विनायगर मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. चेट्टिनाड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील नगरत्तार व्यापारी समाजाने मंदिरांची उभारणी आणि जीर्णोद्धार यांना मोठा आश्रय दिला. त्यामुळे शिल्पी कुटुंबांना येथे पिढ्यान्‌पिढ्या काम मिळत राहिले. गणपतींचे वडील वैद्यनाथ स्थपती हे स्वतः नामांकित शिल्पी होते.

‘स्थपती’ ही पदवी आहे. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत बांधकामाशी संबंधित चार कारागिरांचा उल्लेख येतो. संपूर्ण वास्तूची कल्पना करणारा व तिची जबाबदारी घेणारा तो स्थपती, मापे आखणारा सूत्रग्राही, दगड वा लाकूड तासणारा तक्षक आणि घडवलेले भाग जोडून वास्तू उभी करणारा वर्धकी. स्थपतीला या सर्वांची कामे येणे अपेक्षित असते. त्याशिवाय गणित, संस्कृत ग्रंथ आणि पूजाविधी यांचेही ज्ञान त्याला लागते. गणपती स्थपतींनी घरी छिन्नी-हातोडा हाती घेतला, त्याचबरोबर महाविद्यालयात गणित विषय घेऊन पदवीही मिळवली. पारंपरिक शिल्पी घराण्यात ही गोष्ट त्या काळी विरळाच होती.

मापांचे शास्त्र

मंदिरातील मूर्ती घडवताना शिल्पी तालमान पद्धतीचा आधार घेतो. ‘ताल’ म्हणजे स्थूलमानाने चेहऱ्याची लांबी. तिचे बारा अंगुळे भाग मानले जातात. शिव, विष्णू आदी प्रमुख देवतांसाठी ‘उत्तम दशताल’ हे प्रमाण सांगितले आहे. त्यात मूर्तीच्या उंचीचे १२४ समान भाग करतात आणि कपाळ, नाक, मान, छाती, मांडी, पाऊल यांना ठरावीक भाग वाटून देतात. हा भाग मूर्तीच्याच उंचीतून निघत असल्यामुळे त्याला देहलब्ध अंगुल म्हणतात. मूर्ती हातभर असो वा पुरुषभर, तिच्या अवयवांचे परस्परप्रमाण त्यामुळे ढळत नाही.

दगडाची पारखही याच शास्त्राचा भाग आहे. हातोडीचा हलका आघात करून शिल्पी दगडाचा नाद ऐकतो. घंटेसारखा खणखणीत नाद देणारा दगड ‘पुरुष’ मानून मूर्तीसाठी निवडतात, मृदू नादाचा ‘स्त्री’ दगड पीठासाठी, तर नाद नसलेला ‘नपुंसक’ दगड पायासाठी वापरतात. या वर्गीकरणामागे व्यवहारही दिसतो. ज्या दगडाच्या पोटात भेग असते, तो बद्द वाजतो. मूर्ती पूर्ण झाल्यावर अखेरीस डोळे कोरले जातात. नयनोन्मीलन नावाच्या या विधीत स्थपती सुवर्णाची छिन्नी वापरतो. यानंतर मूर्तीवरील शिल्प्याचा अधिकार संपतो आणि ती पुजाऱ्याच्या हाती जाते. बहुतेक मंदिरांत शिल्प्याचे नाव आढळत नाही, याचे एक कारण या धारणेत आहे.

मामल्लपुरमचे विद्यालय

स्वातंत्र्यानंतर या विद्येसमोर संकट उभे राहिले. संस्थाने व जमीनदाऱ्या गेल्या, जुने आश्रयदाते मागे पडले आणि शिल्पी घराण्यांतील मुले अन्य नोकऱ्यांकडे वळू लागली. वडिलांकडून मुलाकडे जाणारी विद्या अशा वेळी एका पिढीच्या खंडानेही लुप्त होऊ शकते. १९५७ मध्ये तत्कालीन मद्रास राज्य शासनाने मामल्लपुरम येथे शिल्पकलेचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि वैद्यनाथ स्थपती यांना त्याचे प्रमुख नेमले. सातव्या-आठव्या शतकांतील पल्लवकालीन रथमंदिरांच्या सान्निध्यात हे केंद्र उभे राहिले.

गणपती स्थपती आरंभी पळनी येथील मुरुगन मंदिराच्या कामावर होते. वडिलांच्या पश्चात साठच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी मामल्लपुरमची धुरा स्वीकारली आणि १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत, सुमारे २७ वर्षे, ती वाहिली. केंद्राचे रूपांतर पदवी देणाऱ्या महाविद्यालयात झाले. पाषाणशिल्प, ओतीव धातुशिल्प, काष्ठशिल्प आणि मंदिरवास्तू यांचे शिक्षण तेथे रीतसर दिले जाऊ लागले. शासकीय संस्था असल्यामुळे प्रवेशासाठी विशिष्ट कुळात जन्म घेण्याची अट उरली नाही.

हा बदल सोपा नव्हता. कुळविद्येत मुलगा वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी कार्यशाळेत बसतो आणि श्लोकांचा अर्थ त्याला हाताला वळण लागता लागता कळतो. महाविद्यालयात येणारा तरुण अठराव्या वर्षी येतो. त्याच्यापुढे वेळापत्रक, परीक्षा आणि चार-पाच वर्षांची मुदत असते. गणपती स्थपतींनी ग्रंथांतील नियम सुसंगत आराखड्यांत मांडले आणि तमिळमध्ये शिल्पशास्त्रावर लेखन केले. आज मामल्लपुरमच्या रस्त्यांवरून फिरताना दुतर्फा छिन्नीचा आवाज ऐकू येतो. तेथील पाषाणशिल्पांना २०१७ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले.

समुद्रातील पुतळा

चेन्नईतील वळ्ळुवर कोट्टम (१९७६) हे तिरुवळ्ळुवरांचे स्मारक गणपती स्थपतींच्या मार्गदर्शनाखाली उभारले गेले. तिरुवारूरच्या मंदिररथावरून घडवलेला सुमारे ३९ मीटर उंचीचा पाषाणरथ हे त्याचे वैशिष्ट्य आहे. कन्याकुमारीच्या पुतळ्याची पायाभरणी १९७९ मध्ये झाली, प्रत्यक्ष काम १९९० मध्ये सुरू झाले आणि मध्यंतरीच्या खंडानंतर १ जानेवारी २००० रोजी त्याचे अनावरण झाले.

या कामात स्थपतींपुढे दोन प्रश्न होते. देवमूर्तीसाठी ध्यानश्लोक असतो, आयुधे व मुद्रा ठरलेल्या असतात. तिरुवळ्ळुवर हे मानव. त्यांचे समकालीन चित्रही उपलब्ध नाही. त्यामुळे मूर्तीची कल्पना त्यांच्या ग्रंथावरूनच करावी लागली. ‘तिरुक्कुरळ’चे १३३ अध्याय म्हणून एकूण उंची १३३ फूट, त्यांपैकी धर्मविषयक ३८ अध्यायांसाठी ३८ फुटांचे पीठ आणि अर्थ व काम या विभागांच्या ९५ अध्यायांसाठी ९५ फुटांची मूर्ती. उजव्या हाताची तीन बोटे याच तीन पुरुषार्थांकडे निर्देश करतात.

दुसरा प्रश्न स्थैर्याचा होता. सरळ खांबासारखी मूर्ती सुरक्षित ठरली असती. स्थपतींनी मात्र कमरेला नृत्यमूर्तीसारखा किंचित बाक दिला. कायमध्यसूत्र, म्हणजे देहाच्या मध्यातून जाणारी भाररेषा निश्चित करण्यासाठी आधी लाकडी प्रतिकृती करून अभ्यास करण्यात आला. मग हजारो घडीव दगड एकावर एक रचून, आतून पोकळी ठेवून मूर्ती उभी झाली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत लाटा या खडकावर आदळल्या, तरी पुतळा अभंग राहिला.

शेजारच्या खडकावरील विवेकानंद शिलास्मारक मराठी वाचकांना एकनाथ रानडे यांच्यामुळे परिचित आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या रानडे यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये पूर्ण झालेले ते स्मारकही एस. के. आचारी या पारंपरिक स्थपतींच्या देखरेखीखाली घडले. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही खडक काचेच्या पुलाने जोडले गेले.

परदेशातील मंदिर आणि वादग्रस्त मत

हवाई बेटांपैकी कवाई येथील इरैवन शिवमंदिराचा आराखडा गणपती स्थपतींनी केला. त्याचे ग्रॅनाइटचे दगड नव्वदच्या दशकापासून बंगळूरुजवळ हातानेच घडवले गेले आणि जहाजाने पाठवून तेथे जोडले गेले. लोखंड गंजते आणि दगड फोडते, म्हणून पायाच्या काँक्रीटमध्येही लोखंडी सळ्या घातल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये या मंदिराचा कुंभाभिषेक झाला. तो पाहण्यास गणपती स्थपती हयात नव्हते.

शिल्पशास्त्राचा आद्य प्रवर्तक मानला गेलेला मय आणि मध्य अमेरिकेतील माया संस्कृती यांचा प्रत्यक्ष संबंध असल्याचे मत उत्तरायुष्यात त्यांनी आग्रहाने मांडले. इतिहास व पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी ते स्वीकारलेले नाही. त्यांच्या शिल्पकार्याचे मोल मात्र या मतावर अवलंबून नाही.

भारत सरकारने २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. सप्टेंबर २०११ मध्ये चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. नयनोन्मीलनानंतर मूर्तीपासून दूर होणाऱ्या शिल्प्यांच्या परंपरेत वाढलेल्या या स्थपतींचे नाव त्यांच्या कृतींबरोबरच, घराण्याबाहेरच्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती त्यांनी ही विद्या दिली, त्यांच्या कामातूनही टिकून आहे.