राष्ट्रीय फुटबॉल लीग, हंगाम 2005–06
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 1996 साली सुरू केलेल्या स्पर्धेचा दहावा हंगाम. प्रत्येक संघाने इतरांशी स्वतःच्या व प्रतिपक्षाच्या मैदानावर एकेक सामना खेळावा, विजयास तीन व बरोबरीस एक गुण मिळावा आणि अंतिम सामन्याविना गुणतक्त्यावरच अजिंक्यपदाचा फैसला व्हावा, असा शिरस्ता असल्याने एका दिवसाच्या पराक्रमापेक्षा सातत्याचीच येथे कसोटी लागे. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने ईस्ट बंगालला मागे टाकून अजिंक्यपद मिळविले. त्याच हंगामात फेडरेशन चषकही जिंकला. कोलकाता व गोव्याच्या मातब्बर संघांपुढे हे यश असामान्यच. महाराष्ट्राच्या संघाने ही लीग जिंकल्याचे हे एकमेव उदाहरण होय. महिंद्र युनायटेड 2010 साली विसर्जित झाला.