तडीपार : खटल्याशिवायची शिक्षा

पेपरात ही बातमी आपण वाचतो आणि पुढच्या पानावर जातो. 'सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी तडीपार.' गणपती किंवा निवडणुका जवळ आल्या की अशा बातम्या जरा जास्तच दिसतात. वाचून आपल्याला बरंच वाटतं, गेली एकदाची ब्याद! पण या बातमीत एक गोष्ट नसते, ती आपल्या लक्षात येत नाही. ती म्हणजे न्यायाधीश.

तडीपारीचा हुकूम कोर्ट काढत नाही (निदान सहसा नाही). शहरात तो पोलीस उपायुक्त काढतो आणि जिल्ह्यात प्रांत. खटला नाही, उलटतपासणी नाही. गंमत बघा, 'तड' म्हणजे काठ. एखादं काम 'तडीस नेणं' म्हणजे ते सुखरूप पलीकडच्या काठाला लावणं. त्याच शब्दापासून झालेल्या 'तडीपार'मध्ये मात्र आपण माणसालाच काठापलीकडे सोडून येतो.

तर मंडळी, आजचा विषय असा की, हे असं करायची परवानगी सरकारला कुठून मिळाली, आणि बाहेर काढल्या जाणाऱ्या माणसाला 'माझं ऐकून घ्या' म्हणायची सोय किती आहे?

सुरुवात पुण्यापासून करू. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर जुलैमध्ये टिळकांना अटक झाली आणि नातू बंधूंनाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. वकील होते, ज्युरी होती, आरोप लेखी होते. निकाल अन्यायाचा होता असं आपण म्हणू शकतो, कारण आरोप काय आणि पुरावा काय हे सगळं कागदावर आहे. नातू बंधूंचं काय? त्यांना १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली उचललं. खटला नाहीच, त्यामुळे खोडून काढायलाही काही नाही. अन्यायी खटला आणि खटलाच नसणं, या दोन्हींतला फरक एकाच वर्षात दिसला.

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. भारतात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क कलम १९ ने दिला. त्यावर बंधनं घालता येतात, पण ती 'वाजवी' हवीत. याची परीक्षा काही महिन्यांतच झाली, आणि तीही एका नागपूरकरामुळे. डॉ. ना. भा. खरे म्हणजे १९३७-३८ मधले मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणायचे). १९५० मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली त्यांना तीन महिने दिल्लीबाहेर जायला सांगितलं. डॉक्टरसाहेब सरळ सुप्रीम कोर्टात गेले आणि ३ विरुद्ध २ असे हरले. पण हरतानाही एक मोठी गोष्ट मिळाली. बंधन वाजवी आहे का हे बघताना नुसतं बंधन नाही, तर ते घालण्याची पद्धतही बघायची, हे सरन्यायाधीश कानिया यांनी मान्य केलं. विरोधात मत देणाऱ्या दोघांत एक होते न्या. बिजनकुमार मुखर्जी.

दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, गुरबचन सिंग विरुद्ध मुंबई राज्य हा खटला आला. मुंबईच्या १९०२ च्या पोलीस कायद्याखाली या माणसाला बृहन्मुंबईतून काढून अमृतसरला जायला सांगितलं होतं. निकाल लिहिला त्याच मुखर्जींनी, आणि या वेळी तडीपारी वैध ठरवली! यू-टर्न? मला तसं वाटत नाही. मुंबईच्या कायद्यात दोन वर्षांची कमाल मर्यादा होती आणि हुकमाआधी म्हणणं मांडायची संधी होती. उलटतपासणी का नाही, तर ज्याच्या भीतीने साक्षीदार कोर्टात तोंड उघडत नाहीत त्याच्याचसमोर त्यांना उभं केलं, तर कायद्याला अर्थच उरत नाही.

दरम्यान १९५१ चा मुंबई पोलीस कायदा (आता महाराष्ट्र पोलीस कायदा) आला, आणि आजही तोच चालू आहे. कलम ५५ टोळ्यांसाठी, ५६ धोकादायक माणसासाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, वकील देता येतो, आपले साक्षीदार आणता येतात. कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत सरकारकडे अपील. कागदावर फ्लोचार्ट झकास आहे.

बग कुठे आहे? कलम ५९ मधल्या 'सर्वसाधारण स्वरूप' या शब्दांत. नोटिशीत आरोपांचं फक्त सर्वसाधारण स्वरूप सांगायचं. म्हणजे 'तुम्ही अमुक वस्तीत, अमुक काळात, लोकांना चाकूचा धाक दाखवून पैसे उकळता.' कोणत्या दिवशी? कोणाला? ते नाही सांगणार. आता याला उत्तर काय द्यायचं? 'त्या दिवशी मी गावी होतो' म्हणायला आधी 'तो दिवस' कळायला हवा ना! स्टेप्स नाहीत, टाइमस्टँप नाही, असा बग रिपोर्ट आला तर आपण दोन मिनिटांत परत पाठवतो. इथे तो परत पाठवता येत नाही.

पण दुसरी बाजू पोकळ नाही. पंढरीनाथ रांगणेकर खटल्यात (निकाल १९७३ च्या संग्रहात आहे) न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी ती नेमकी मांडली. तारीख आणि जागा सांगितली की साक्षीदार कोण हे आपोआप कळतं. भाजीवाल्याने गुपचूप जबाब दिला आणि नोटिशीत 'मंगळवारी भाजीच्या गाडीवर' असं लिहिलं, तर त्या भाजीवाल्याचं काय होईल? वस्तीत राहणाऱ्यालाच विचारा.

म्हणजे दोन्हीकडे खरी भीती आहे. मग भरवसा कोणावर? जबाब गुप्तपणे घेणाऱ्या आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यावर. आणि तो चुकला तर? दिल्लीच्या प्रेमचंद पानीवालाची गोष्ट ऐका. हा पाणी विकणारा माणूस. त्याच्याच सांगण्यानुसार पोलिसांनी त्याला तीनेक हजार खटल्यांत साक्षीदार म्हणून उभं केलं. एक दिवस त्याने खोटी साक्ष द्यायला नकार दिला, आणि मग त्याच्यावरच तडीपारीची कारवाई सुरू झाली! प्रकरण सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे गेलं तेव्हा कारवाई थांबली. भीतीपोटी गप्प बसणाऱ्या साक्षीदारांसाठी केलेलं हत्यार, साक्षीदारावरच!

आपल्याकडेही २०२१ मध्ये अमरावतीत माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्या एकाची तडीपारी सुप्रीम कोर्टाने रद्द केली. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या खटल्यात न्या. अभय ओक यांनी नियम पुन्हा घट्ट केले. हा उपाय असाधारण आहे, क्वचितच वापरायचा. गुन्हे जुने असतील तर आजच्या हुकमाशी त्यांचा जिवंत संबंध दिसला पाहिजे. आणि कमाल दोन वर्षं लावायची असतील तर एवढी का, याचा विचार हुकमात दिसला पाहिजे. तडीपार माणसाला स्वतःच्या घरात, बायकामुलांत राहता येत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, हेही त्यांनी लिहिलं.

माझं मत? साक्षीदाराचं नाव झाका, जरूर झाका. पण जेवढं आरोपीपासून झाकाल तेवढं तिसऱ्या कोणाला तरी दाखवा. ते गुप्त जबाब पोलीस किंवा महसूल खात्याबाहेरच्या एखाद्या न्यायिक अधिकाऱ्याने हुकमाआधी वाचावेत. आज कोर्ट बघतं ते हुकूम निघाल्यावर, आणि तेही वकिलाचा खर्च परवडला तर. तोपर्यंत मुदतीतले महिने संपत आलेले असतात. हुकूम रद्द झाला तरी ते महिने परत मिळत नाहीत.

आणि एक साधा प्रश्न. हा माणूस इतका धोकादायक आहे, तर पुण्यातून काढून साताऱ्यात सोडल्यावर सातारकरांनी काय करायचं? याचं उत्तर मला कुठल्याच निकालात पटण्यासारखं मिळालं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.