बक्षीस कुणाचं, पानं कुणाची?

बक्षीस म्हटलं की मी आधी विचारतो, नाव कुणाचं? आफ्रिकी लेखकांच्या कथेला २००० पासून लंडनहून केन पारितोषिक देतात. मायकेल केन हे बुकर कंपनीचे एकेकाळचे अध्यक्ष. ही कंपनी गब्बर झाली गयानातल्या उसावर, गुलामांच्या अन् गिरमिटियांच्या घामावर.

२००२ साली ते केनियाच्या बिन्यावांगा वैनैनाला मिळालं. गडी लंडनकडं बघत बसला नाही. २००३ मध्ये दोस्तांसोबत नैरोबीत त्यानं नियतकालिक काढलं, ‘क्वानी?’. म्हणजे ‘मग काय?’ त्याच साली केन पारितोषिक ‘क्वानी?’तल्याच कथेला मिळालं. लेखिका इव्हॉन ओवूर.

म्हणून सांगतो, बक्षीस घ्या नाहीतर लाथाडा. पण पानं आपली पाहिजेत. ती नसली की दुसऱ्याचे उंबरे झिजवावे लागतात.