खाण ‘बंद’ होते म्हणजे नक्की काय होतं?

“सोलापुरात राहून कोळशाच्या बंद खाणींवर पीएचडी? आपल्याकडे खणलं की नुसता काळा पाषाण लागतो!” आमच्या शेजारच्या काकू दर दिवाळीला हे ऐकवतात. काकूंचं म्हणणं रास्त आहे. कोळसा सापडतो तो थेट चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडे. पण फताटेवाडीच्या वीजकेंद्रात तो रेल्वेने येतो आणि उजनीच्या पाण्यावर त्याची वीज होते, म्हणजे आपला संबंध अगदीच नाही असं नाही. शिवाय ‘बंद’ या शब्दाचा अर्थ सोलापूरकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, मागोमाग बाकीच्याही. गेटला कुलूप लागलं, कामगारांची देणी अडकली, मग जागेवर कुणाचा डोळा यावर वर्षानुवर्षं चर्चा. पण मिलखालची जमीन तरी जागेवर राहिली. खाणीचं तसं नसतं.

26 ऑगस्ट 2022 ची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, आमराई वॉर्डात, एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खोल. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. खाली जुन्या भूमिगत खाणीचं काम झालेलं होतं.

हे कसं होतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या भूमिगत खाणींत कोळसा सगळाच्या सगळा काढत नाहीत. बोगदे काढत जायचं आणि मधे कोळशाचेच जाडजूड खांब ठेवायचे. छत त्यांच्यावर तोललेलं असतं. शेवटी शेवटी हे खांबही काढतात, आणि मग एकतर छत मुद्दाम कोसळू देतात, किंवा पोकळीत पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाळू भरतात. वाळू नीट भरली तर वरची जमीन फारशी हलत नाही. अर्धवट भरली, किंवा खांब तसेच ठेवून निघून गेलं, तर ते झिजत, ढासळत राहतात. दहा वर्षं, पन्नास वर्षं. कधी ते सांगता येत नाही.

या भागातला सरकारी कोळसा उद्योग सुरू झाला वरोऱ्याला, 1870 च्या दशकात. म्हणजे आपली जुनी मिल उभी राहिली त्याच सुमाराला. वर्ध्याहून तिथवर रेल्वे नेली ती कोळशासाठीच. (आज वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, खाण नाही.) ती खाण 1906 मध्ये बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. त्या काळच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. कायदा होता तो काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेचा. 1939 च्या कायद्याने कोळशावर कर बसवून वाळू भरायला मदत सुरू झाली, तीही मुख्यतः खाणीतल्या सुरक्षेसाठी. सोडून दिलेल्या खाणीवरच्या गावाचं काय, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता.

सोडताना एक गोष्ट मात्र करावी लागे: नकाशा जमा करणं. माझ्या मते या सगळ्या कहाणीत सर्वात मोलाचा कागद हाच. 27 डिसेंबर 1975 ला चासनाल्याच्या खाणीत वरच्या जुन्या, सोडलेल्या भागातलं पाणी फुटून आत आलं आणि 375 माणसं गेली. जुनं काम कुठवर पोचलंय आणि त्यात पाणी किती, हे नेमकं माहीत असणं म्हणजे जीव वाचणं. ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने जुन्या कोळसा खाणींची जबाबदारी एका स्वतंत्र संस्थेकडे दिली; कोळसापट्ट्यात घर घेणारा माणूस व्यवहाराआधी खालच्या खाणीचा अहवाल मागवतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर विहीर दिसते, झाडं दिसतात. खालचा बोगदा दिसत नाही. मी स्वतः एका कार्यालयात असा एक जुना नकाशा बघायला मागितला, तर “कशाला हवाय?” इथपासून सुरुवात झाली. तीन खेपा झाल्या. अजून बघायला मिळालेला नाही.

आता पाणी, कारण आपण दुष्काळी जिल्ह्यातले लोक, आधी तेच विचारणार. चालू खाणीत रात्रंदिवस पंप चालतात, त्यामुळे आसपासच्या विहिरी खाली जातात. खाण बंद झाली की पंपही थांबतात आणि बोगदे हळूहळू भरायला लागतात. कोळशासोबत गंधकयुक्त खनिज असेल तर हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होतं, लोह विरघळतं, पाणी जड होतं. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे, आणि भूजल साठवणारा तिथला मोठा थर तोच. म्हणजे खालचं बिघडलं तर वरच्या विहिरीला धोका. उलट बाजूही आहे. नागपूरजवळ पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतलं पाणी शुद्ध करून वेकोलिने ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं. म्हणजे बंद खाण ही टाकीही होऊ शकते आणि नासलेली विहीरही, आणि कुठली काय आहे ते सातत्याने तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासायचं कुणी? सुरक्षा धनबादच्या महासंचालनालयाकडे, प्रदूषण मंडळाकडे, भूजल तिसरीकडे, जमीन जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि खाणबंदीचा आराखडा कोळसा नियंत्रकाकडे. हा आराखडा कोळसा मंत्रालयाने सक्तीचा केला तो थेट 2009 मध्ये. तेव्हापासून कंपनीने बंदीसाठीचे पैसे एका राखीव खात्यात ठेवायचे: उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख, भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख, त्या वर्षीच्या दराने. हा फरक मला खटकतो. वरून शेत जसंच्या तसं दिसतं म्हणून भूमिगत खाण स्वस्तात बंद होते असं धरलं गेलंय, आणि घुग्घुसचं घरही वरून शाबूतच दिसत होतं.

2009 च्या आधी सोडलेल्या खाणी या नियमात येतच नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघाली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. तोवर वरोऱ्याची खाण बंद होऊन 116 वर्षं झाली होती. पैशांचं म्हणाल, तर 2010 पासून टनाला 50 रुपये आणि 2016 पासून 400 रुपये उपकर कोळशावर होता, पण 2017 मध्ये तो जीएसटीची भरपाई करण्याकडे वळला. अमेरिकेत 1977 पासून आज निघणाऱ्या प्रत्येक टनावर शुल्क घेऊन जुन्या, बेवारस खाणी दुरुस्त करतात. तिथेही पैसे पुरत नाहीत, पण खातं त्याच कामासाठी आहे.

उन्हाळ्यात मी वरोऱ्याला जाणार आहे. तोवर नकाशा मिळाला, तर तो आजच्या गावनकाशावर ठेवून कुठली घरं, कुठल्या विहिरी पोकळीवर येतात ते बघायचंय. नाही मिळाला, तर म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरायचं, की पावसाळ्यात जमीन कुठे खचते. काकूंना सांगितलंय, येताना तिथल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणते.