निंदणांतली भाजी

वऱ्हाडच्या पश्चिमेकडील बुलढाणा जिल्ह्यांत पाऊस सुरू झाला, कीं बांधाबांधावर तरोटा उगवतो, ओलसर जागीं घोळ पसरते आणि अंबाडीस कोंवळा पाला फुटतो. या भाज्यांचें नांव इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतें. तथापि गरिबाच्या ताटाचा इतिहास त्यांच्याविना पुरा होणार नाहीं.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सोन्याचें मोल आलें. त्याच दशकांत मलकापूर, शेगांव या गांवांवरून आगगाडी धांवूं लागली. कापसाच्या तासांत जें आपोआप उगवे, तें तण ठरलें. परंतु निंदणारी बाई तें सारें फेंकून देत नसे. खाण्याजोगा पाला वेंचून ती ओच्यांतून घरीं आणी.

१८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळानें वऱ्हाडासही गांठलें. अशा वर्षीं रानांतल्या पाल्याचा व कंदांचा आधार घ्यावा लागे. जें नाइलाजानें खाल्लें, तें बरे दिवस येतांच ताटांतून दूर सारावें, ही मनुष्यस्वभावाची रीतच आहे.

आहारशास्त्रानें मात्र या भाज्यांची बाजू घेतली. १९१८ सालीं कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं आहारविषयक संशोधन आरंभिलें, आणि १९३७ मध्यें तेथूनच हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं. हिरव्या पाल्यांतून शरीरास ‘अ’ जीवनसत्त्व मिळतें. पण तें अंगीं लागण्यास स्निग्धांशाची जोड हवी. अंबाडी ज्वारीच्या कण्यांत शिजवून तीवर लसणीची तेलकट फोडणी ओतणाऱ्या सुगरणीस हें शास्त्र ठाऊक नव्हतें. तिची कृति मात्र शास्त्रास धरून होती.

२०२० मध्यें ९ ऑगस्टच्या निमित्तानें राज्याच्या कृषि विभागानें जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाजी महोत्सव भरविले. उपक्रम स्तुत्य खरा; पण वर्षांतला एक दिवस पुरेसा नाहीं. तणनाशकाची फवारणी आली, तशी निंदणारी बाई शेतांतून दूर होऊं लागली. फवारलेल्या शेतांतला पाला खाण्यायोग्य उरत नाहीं, आणि कोणतें पान खावें, कोणतें टाळावें, हें तिचें ज्ञानही तिच्याबरोबर लोपतें. पोषणशिक्षणास नवी शिक्षिका शोधावयास नको. हीच बाई अंगणवाडींत सन्मानानें बोलावून तिच्याकडून तरण्या आयांना हें शिकवावें. तिची पिढी सरल्यावर तें सांगणारें कोणी उरणार नाहीं.