पढवणारा पिंजरा

पोपटाला बोलायला शिकवणारा यांत्रिक पिंजरा ही कल्पना वरकरणी आजच्या काळाची वाटते. पिंजऱ्यात ध्वनिमुद्रित शब्द ऐकवणारा संच बसवायचा, पक्ष्याने अपेक्षित उच्चार केला की यंत्राने तो ओळखायचा आणि बक्षीस म्हणून दाणे सोडायचे, अशी तिची रचना. तंत्राच्या दृष्टीने यात आता फारसे अवघड काही उरलेले नाही. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो तिच्यामागील गृहीतकाचा इतिहास. शब्द पुरेसा कानावर पडला आणि योग्य वेळी बक्षीस मिळाले की भाषा येते, हे ते गृहीतक होय. मेळघाटातील धारणीसारख्या तालुक्यात, जिथे अनेक मुलांच्या घरी कोरकू आणि दप्तरात मराठी असते, तिथे हा प्रश्न पोपटापुरता राहत नाही.

पोपटाला पढवण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘शुकसारिकाप्रलापन’, म्हणजे पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, ही स्वतंत्र कला म्हणून नोंदली आहे. कला म्हटली की तीत शिकवणारा माणूस, त्याचा वेळ आणि पक्ष्याचा सहवास हे सारे आलेच. ‘शुकसप्तति’तील पोपट तर रोज रात्री एक गोष्ट सांगून घरधनिणीला उंबरठ्याच्या आत थोपवून धरतो. हे कथाचक्र नख्शबीच्या ‘तूतीनामा’तून फारसीत गेले, जुन्या मराठीतही त्याचे भाषांतर झाले, आणि ते रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. या कथांतला पोपट घोकलेले म्हणून दाखवत नाही. समोरच्याचे मन ओळखून तो बोलतो.

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त ही गोष्ट अधिक ठळक होते. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराचे नाव घेतले, त्या ग्रंथाची कथा शूद्रक राजाच्या दरबारात पिंजऱ्यातून आणलेला एक पोपट सांगतो, हे विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही. तो आरंभी सांगतो ती स्वतःचीच हकिगत. विंध्याटवीतील सावरीच्या जुन्या झाडावरचे घरटे, झाडावर चढलेला म्हातारा शबर, बापाचा मृत्यू आणि पाचोळ्यात पडून वाचलेले पिल्लू. दरबार त्याच्या पांडित्याने थक्क होतो. पण त्याच्या बोलण्याला अर्थ येतो तो या आठवणींमुळे. बाणाचा शबर म्हणजे कोरकू नव्हे; संस्कृत साहित्यात तो शब्द वनवासींसाठी ढोबळपणे येतो. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या अरण्यात पोपटाला संस्कृत वाणी मिळाली. त्या म्हाताऱ्या शबराच्या तोंडी मात्र कवीने एकही शब्द घातला नाही.

कलेची जागा यंत्राने घेण्याचा प्रयत्न अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये दिसतो. ‘सेरिनेत’ नावाची हाताने फिरवायची छोटी बाजाची पेटी कॅनरी पक्ष्यापुढे तीच धून पुनःपुन्हा वाजवी. विसाव्या शतकात बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून वर्तन आणि बक्षीस यांचे नियम मांडले, आणि १९५४ मध्ये त्याच तत्त्वावर शाळकरी मुलांसाठी शिकवणारे यंत्र दाखवले. पक्ष्याच्या पिंजऱ्यातून वर्गाकडे जाणारी वाट अशी सरळ आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी ती आधीच ओळखली होती. १९१८ च्या ‘तोताकाहिनी’त राजाच्या हुकमाने पक्ष्याला शिक्षण दिले जाते, सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग लागतात, देखरेख करणारे गब्बर होतात, आणि चोचीत पाने कोंबता कोंबता पक्षी मरून जातो.

ठाकुरांचा उपरोध प्रयोगशाळेनेही एका अर्थी खरा ठरवला. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन करड्या पोपटावर तीस वर्षे काम केले. तो २००७ मध्ये वारला. त्याला पन्नासहून अधिक वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतच्या संख्या येत. हे घडवणारी पद्धत लक्षणीय आहे. दोन माणसे पोपटासमोर एखाद्या वस्तूविषयी बोलत. एक विचारी, दुसरा उत्तर देई आणि ती वस्तूच त्याला मिळे. दुसरा माणूस एकाच वेळी पोपटाचा आदर्श असे आणि प्रतिस्पर्धीही. नाव घेतलेली वस्तू हेच बक्षीस. बोललेल्या शब्दाशी संबंध नसलेला दाणा नव्हे. इतर करड्या पोपटांना केवळ ध्वनिफिती आणि चित्रफिती लावून शिकवून पाहिले, तेव्हा त्यांना शब्दांचा असा अर्थपूर्ण वापर साधला नाही. पिंजरा कितीही हुशार केला, तरी बोलण्याला दुसरा कोणी लागतो.

आता धारणीकडे वळू. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, मुंडा शाखेची सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे सव्वासात लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. ते मुख्यतः मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात आहेत. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. माणसे, एवढाच त्या नावाचा अर्थ. या भाषेत द्विवचन जिवंत आहे. मराठीने ते केव्हाच सोडले, आणि आपण ते संस्कृतच्या तक्त्यांतून घोकतो. कोरकू मूल ते आईच्या बोलण्यातून उचलते. असे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे बसते आणि सुरात म्हणू लागते, तेव्हा त्या सुरालाच आपण प्रगती समजण्याचा धोका असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ‘शक्य तेथवर’ या शब्दांत किती मुले मावतात, हा खरा प्रश्न आहे.

उलट दिशेचा मोहही तितकाच फसवा आहे. भाषा मरते आहे तर ती यंत्रात साठवून ठेवू, असे आज सहज म्हटले जाते. हुम्बोल्टला १८०० मध्ये ओरिनोको नदीकाठी एका म्हाताऱ्या पोपटाविषयी सांगण्यात आले. त्याचे बोलणे कोणालाच कळत नसे, कारण तो नामशेष झालेल्या आतुरे जमातीच्या भाषेत बोलत होता. मेळघाटाच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात निहाली ही भाषा आहे. १९०६ च्या भाषिक सर्वेक्षणाने ती कोरकूच्या पोटात घातली. कायपरच्या १९६२ च्या अभ्यासानंतर ती कोणत्याच ज्ञात कुळाची नसावी, हे मत बळावले. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितले जातात. त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करणे अत्यावश्यकच आहे; पण उत्तर देणारे कोणी उरले नाही, तर आपल्या हाती आतुऱ्यांचा पोपटच राहील.

आपल्याकडचे रानपोपट पकडणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. त्यामुळे त्यांच्यापुरता हा पिंजरा रिकामाच राहिला पाहिजे. भाषेच्या शिक्षकांपुढचा प्रश्न त्याने सुटत नाही. मराठीत साक्षीदाराला पढवतात, पोपटाला पढवतात. मुलाला मात्र शिकवतात, निदान तशी अपेक्षा असते. या दोन क्रियापदांतले अंतर धारणीच्या वर्गात अगदी साध्या रीतीने मोजता येईल. मुलाने मराठीत किती कविता म्हणून दाखवल्या हे मोजण्यापूर्वी, त्याने कोरकूत विचारलेला प्रश्न समजणारे वर्गात कोणी आहे का, एवढे पाहावे.